गीझरच्या कपाटातले महाराज

ऑकलंडमध्ये फ्लॅट बुशला घर घेतलं त्याच्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांशी माझं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, आमचा रीसायकलिंगचा बिन त्यांच्या ड्राइव्हवेवर आलाय. मी म्हटलं, आलाय तर ढकला. ते म्हणाले, तुझा बिन, तू ढकल. मी तापट आहे हे आमच्या घरात कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही, पण त्या दिवशी मला तोडीस तोड माणूस भेटला. बिन शेवटी माझ्या नवऱ्यानं ढकलला. कुठलंही भांडण पेटलं की हा माणूस एक तर काहीतरी ढकलतो, नाहीतर लॉन कापायला जातो.

पुढच्या आठवड्यात आजोबा हातात भलाथोरला चायनीज कोबी घेऊन दारात उभे. सॉरी वगैरे काही नाही. म्हणाले, "बायकोनं लावलाय. खूप झालाय." रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून मी त्यांना चकल्या दिल्या. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या एक कडाकडा चावली आणि विचारलं, "तुमच्या देशात चांदीची पारख कोण करतं?"

आता दारात चकली खाताना कुणी असलं काही विचारतं का? मी म्हटलं, सराफ. झालं! म्हाताऱ्याचे डोळे असे लकाकले की काही विचारू नका. पूर्वी चीनच्या बंदरांत परदेशी डॉलर खरा की खोटा हे वाजवून सांगणारे लोक असत, त्यांना श्रॉफ म्हणत आणि तो शब्द हिंदुस्तानातून तिकडे गेला, असं त्यांनी मला ऐकवलं. मग म्हणाले, "रविवारी ये. दाखवतो."

तेव्हापासून माझे रविवार त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जायला लागले. आजोबा तैवानचे, ताइनानचे. रिटायर्ड इंजिनियर. नव्वदच्या दशकात इकडे आलेले. मुलगा सिडनीला, त्याला नाण्यांत काडीचा रस नाही. म्हणून त्यांनी मला धरलं. मलाही इतिहासाची आवड होतीच, आणि ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून डोकं इतकं पिकायचं की, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या चुका ऐकायला बरं वाटायचं.

ते सांगायचे, चीनमध्ये चांदी होती पण चांदीचं नाणं नव्हतं. होडीच्या आकाराचे गोळे असायचे, ते तोलायचे, कातरायचे आणि व्यवहार करायचा. मग स्पेनच्या राजाचं तोंड असलेले डॉलर मेक्सिकोहून मनिलामार्गे जहाजं भरभरून आले. चिनी व्यापारी पक्के! राजाबिजावर विश्वास नाही. जो पारखेल तो आपला शिक्का त्या डॉलरवर ठोकणार. हातोहात फिरून राजाच्या तोंडाची पार चाळण व्हायची. आजोबांकडे असा एक होता. राजाला नाक राहिलेलं नव्हतं.

आणि मग आपल्या कपाटाच्या तळाच्या ड्रॉवरमधून ते एक छोटी डबी काढायचे. त्यात ते खरं रत्न. तैवानमध्ये बंड झालं होतं, सैन्य आलं, सैनिकांना पगार द्यायला चांदीची नाणी हवीत, म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनी स्वतःच पाडली. चीननं पाडलेल्या चांदीच्या डॉलरांतली ही अगदी पहिलीवहिली. त्यावर राजा नाही, राणी नाही. एक म्हातारा. हे मोठं टक्कल, लांब दाढी, हातात काठी, चेहऱ्यावर हसू. तो त्यांचा दीर्घायुष्याचा देव. वजन कुठं लिहायचं हा प्रश्न पडला असावा, तर त्यांनी ते सरळ देवाच्या पोटावर लिहून टाकलं. मागच्या बाजूला तीन पायांचं भांडं आणि त्याच्या भोवती मांचू लिपीतली अक्षरं. पुढं असली बहुतेक नाणी वितळवली गेली. उरली ती फार थोडी.

हे नाणं काळंकुट्ट होतं. मधेच निळसर, कडेला तपकिरी. आजोबा म्हणायचे, "हा काळेपणा म्हणजे त्याचं वय. बंड, लढाया, जपानी, सगळं या कातडीत आहे. हे कधीही पुसायचं नाही. पुसलेलं नाणं मेलेलं नाणं." इथल्या एका म्युझियमशी त्यांचं बोलणं झालं होतं. हे एक नाणं तिथं काचेत राहावं, खाली तैवानचं नाव लागावं, एवढीच त्या माणसाची शेवटची इच्छा होती. म्युझियमच्या बाईंनीही बजावलं होतं, जसं आहे तसंच आणा.

आजी मात्र या प्रकरणात कधी नसायच्या. त्या गमबूट घालून मागच्या वाफ्यांत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. माझ्याकडे बघून हसायच्या आणि "टू मच रेन" म्हणायच्या, ऊन असलं तरी. ती डबी बाहेर निघाली की त्या उठून बाहेर जायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्या कंटाळल्या असतील. रोज तेच तेच कोण ऐकणार?

मग आजींच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन ताइनानला करायचं ठरलं, तिथं त्यांच्या बहिणी होत्या. तीन-चार महिने तरी लागणार. आमच्या गल्लीत नुकतीच चोरी झाली होती, चोरांनी टीव्ही, लॅपटॉप आणि कोण जाणे कशाला पण वाळत घातलेले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, नेले होते. बँकेवर आजोबांचा विश्वास नव्हता. जाण्याच्या आदल्या दिवशी ते डबी घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवून म्हणाले, "फक्त ठेव. उघडूसुद्धा नकोस. आलो की म्युझियमला द्यायचं." मी छातीठोकपणे इथल्या थाटात म्हटलं, "स्वीट अ‍ॅज, काळजीच करू नका." आणि डबी कपाटात माझ्या पैठणीच्या खाली ठेवून दिली. पैठणी मी पाच वर्षांत एकदा नेसते. यापेक्षा सुरक्षित जागा आख्ख्या ऑकलंडमध्ये नव्हती.

पण त्यानंतर महिन्याभरातच आई आली.

आई म्हणजे माझी आई, पुण्याहून, सहा महिन्यांच्या व्हिसावर. येतानाच बॅगेत देव घेऊन आली. आमच्याकडे देवघर नव्हतं. मी देवाधर्मातली नाही, हे तिचं जुनं दुखणं. आल्या आल्या तिनं घराची पाहणी केली आणि गीझरच्या कपाटातला वरचा कप्पा ताब्यात घेतला. खाली टाकी, मध्ये टॉवेल, वर देव. "छान उबदार आहे," म्हणाली, "इथल्या थंडीत देवांनाही बरं." उदबत्ती लावली की स्मोक अलार्म बोंबलायचा आणि माझा नवरा भांडी पुसायचा टॉवेल फडफडवत खाली उभा राहायचा. मला टॉवेल लागला तर आई स्वतः काढून द्यायची, कारण मी म्हणे पारोश्या हातानं कुठंही हात घालते. त्यामुळे ते कपाट उघडायचं मला कारणच उरलं नाही. मी सकाळी मोटरवेचा ट्रॅफिक व्हायच्या आत निघायची, अंधार पडल्यावर परत यायची.

एका गुरुवारी सर्दीनं घरी राहिले. शिंका देत टॉवेल घ्यायला गेले, आणि कपाटाचं दार उघडलं.

वरच्या कप्प्यात गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, छोट्या चौरंगावर, कापसाचं वस्त्र घालून, कपाळाला गंध लावून, डोक्यावर तुळशीऐवजी बेसिलचं पान घेऊन, आमचा तैवानचा म्हातारा बसला होता. आरशासारखा चकचकीत. पोटावर, जिथं वजन लिहिलेलं होतं, तिथं कुंकवाचं बोट. समोर वाटीत साखर.

मी ओरडले, "आई! हे काय आहे?"

आई पंचपाळं घेऊन आली. "काय म्हणजे? महाराज." आणि तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "अगं, लाजायचं काय त्यात? साड्यांखाली लपवून ठेवलंस! तुझ्या पैठणीची घडी बदलावी म्हणून काढायला गेले, तर हे सापडले. इतकं भरून आलं म्हणून सांगू! म्हटलं, पोरगी तोंडानं काही बोलो, आतून श्रद्धा आहे."

तिचा तरी काय दोष? आपल्याकडे सराफाकडून देवांची, संतांची चांदीची नाणी आणायची पद्धत आहे, लग्नामुंजीत देतात. काठी, दाढी, टक्कल, हसरा चेहरा. दुसरं कोण असणार? "मागं मोडीत मंत्रसुद्धा आहे," आई म्हणाली. "मी भजनी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. झाडून सगळ्यांनी हात जोडले. मुद्रा फार दुर्मिळ आहे म्हणाल्या."

"दुर्मिळ आहे म्हणूनच बोंबलतेय मी! हे काळं होतं ना गं?"

"काळं? अगं, किटण चढलं होतं नुसतं! तुझं लक्ष असतं का कशात? आधी रांगोळीनं घासलं, निघेना. मग टूथपेस्ट लावली आणि ब्रशनं काढलं."

"कुठल्या ब्रशनं?"

"तो निळा, बेसिनवरचा."

तो ब्रश माझा होता, आणि जुनाही नव्हता. पण त्या क्षणी दातांची चिंता करायला मला सवड नव्हती. मी आईला सगळं सांगितलं. म्युझियम, बंड, सैनिकांचे पगार, वय. माझा आवाज इतका चढला की नवरा बाहेर गेल्याचं आणि लॉनमोवर सुरू झाल्याचं मला ऐकू आलं. पाऊस पडत होता.

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे देवच आहे ना?"

"देव आहे, पण त्यांचा! दीर्घायुष्याचा!"

"आणि ज्यांचा आहे, त्या बाईच्या हृदयाचं ऑपरेशन आहे?"

"हो."

"आणि तू दीर्घायुष्याच्या देवाला साड्यांखाली कोंडून ठेवलंस." आईनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की सर्दी झालेली असूनही माझे कान गरम झाले. "मी तुला मूल व्हावं म्हणून गुरुवार धरले होते. ते राहू दे. आजपासून तिच्या नावानं. नाव काय तिचं?"

पाच वर्षं शेजारी राहत होते, त्यांच्या हातचा कोबी खाल्ला होता, मांचू लिपी कोणती ते मला माहीत होतं. आजींचं नाव मला माहीत नव्हतं.

"शाब्बास," आई म्हणाली. तिनं पळीत पाणी घेतलं आणि 'शेजारीण' असं नाव आणि काश्यप गोत्र लावून संकल्प सोडला. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, हे शास्त्रात आहे म्हणाली. तैवानच्या माणसाचं शास्त्रात काय आहे ते मी विचारलं नाही.

नाणं तिथून उठवायला तिनं साफ नकार दिला. गुरुवार पुरे झाले की उत्तरपूजा करून उठवणार. मध्येच उठवलं तर त्या बाईचं काही झालं, तर? माझा कशावर विश्वास नाही, पण एवढा अविश्वासही नाही.

नवऱ्यानं इंटरनेटवर शोधून काढलं की उकडलेलं अंडं ठेचून चांदीबरोबर डब्यात बंद केलं की चांदी काळी पडते. आई शनिवारी नवऱ्याबरोबर सँडरिंगहॅमला किराणा आणायला गेली होती, तेवढ्यात मी म्हाताऱ्याला चौरंगावरून उचललं आणि अंड्यांसकट डब्यात घातलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. काळा नाही, जांभळा-पिवळा झाला. दारात बोटं चेपल्यावर होतात तसा. आणि आईला वासावरून कळलं.

"देवाला अंडं?" ती दारातच पिशव्या टाकून ओरडली. "देवाला अंडं!" त्या दिवशी म्हाताऱ्याला गोमूत्र मिळेना म्हणून गंगाजलानं आंघोळ घातली, परत टूथपेस्ट लागली, आणि तो आधीपेक्षा जास्त चमकायला लागला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. खरं सांगते, मला रडायला येत होतं. आजोबांनी विश्वासानं दिलेली एक वस्तू, त्यांच्या उरल्यासुरल्या आयुष्याचं एकच स्वप्न, आणि ते मी टूथपेस्टनं धुऊन टाकायला दिलं होतं. आजोबांचे ईमेल यायचे. ऑपरेशन नीट झालं, ती अशक्त आहे, नाणं ठीक आहे ना? मी दरवेळी लिहायची, सुरक्षित आहे. सुरक्षित तर होतंच!

ते आले ते एका शनिवारी सकाळी, विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी. आजोबा वाळले होते. आजी त्यांचा दंड धरून हळूहळू चालत होत्या, हातात अननसाच्या केकचा खोका. आईनं सवाष्ण आली म्हणून लगेच हळदीकुंकवाची कोयरी आणली. मी मनाशी म्हटलं, आलिया भोगासी असावे सादर, आणि बसायच्या आत एका श्वासात सगळं सांगून टाकलं.

आजोबा कपाटापाशी गेले आणि बघत राहिले. "पुसलं?" त्यांनी विचारलं.

"घासलं," मी म्हटलं.

ते शेजारच्या धुण्याच्या बास्केटवर बसले. बास्केट करकरली. मग ते एकदम भडकले. "लढाया झाल्या! जपानी आले, गेले! कुणी याला हात लावला नाही! आणि तुझ्या आईनं... म्युझियमला काय सांगू मी?"

तेवढ्यात आजी त्यांचे गुडघे बाजूला सारून पुढं आल्या. त्यांनी नाण्याकडे पाहिलं. वस्त्र, गंध, साखरेची वाटी, सगळं पाहिलं. आणि बोलायला लागल्या. पाच वर्षांत मी त्यांच्याकडून पावसाखेरीज काही ऐकलं नव्हतं. त्या थांबेचनात.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, छान दिसतंय," आजोबा म्हणाले.

मी ते आईला मराठीत सांगितलं. "एवढं बोलली ती आणि एवढंच?" आई म्हणाली. आजींना काही न समजताही सगळं समजलं असावं. त्यांनी आजोबांच्या खांद्यावर बोट आपटलं आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी एकेक वाक्य झालं की थांबायच्या, आजोबांनी इंग्रजीत सांगेपर्यंत त्यांच्याकडे बघत.

नाणं आजींचं होतं. त्यांच्या आईनं लग्नात दिलेलं, दोघांना उदंड आयुष्य मिळो म्हणून. माहेरी ते देवांपुढं असायचं. दर नवीन वर्षाला त्यांची आई चुलीतल्या राखेनं ते घासायची, आणि ते असंच, अगदी असंच चमकायचं. लग्नानंतर आजोबांनी ते पाहिलं, हरखले, आणि एका पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. तिथं ते काळं पडलं.

आजोबा बोलता बोलता थांबले. त्यांनी आजींना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. आजींनी थोडक्यात उत्तर दिलं.

"मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस," आजोबा मला म्हणाले. "म्हणते, तू विचारलं नाहीस. तू सांगत होतास."

म्हणजे ती बंडाची, लढायांची कातडी या माणसाच्या स्वतःच्या ड्रॉवरमध्ये तयार झाली होती. दुसरी कुठली वेळ असती तर मी खो खो हसले असते. पण आजी अजून बोलत होत्या, आता हळू आवाजात, आणि आजोबा भाषांतर करेनात. आजींनी परत बोट आपटलं.

"ऑपरेशनच्या आधी," आजोबा म्हणाले, "तिनं ते मागितलं होतं. हातात धरायला. मी म्हटलं, ऑकलंडला आहे. नीट ठेवलंय. त्याला हात लावायचा नसतो."

मी आईला हे कसंबसं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. आईनं डोळे पुसले नाहीत की काही नाही. तिनं चौरंगावर अक्षता टाकल्या, म्हाताऱ्याला किंचित जागचं हलवलं, वस्त्र उतरवलं, पदरानं पुसलं. आजींना कुंकू लावलं आणि मूठभर तांदळांसकट ते नाणं त्यांच्या ओंजळीत घातलं. "त्यांना सांग," ती मला म्हणाली, "रोज त्यांचं नाव घेतलंय. काश्यप गोत्र लावलंय, चालेल ना विचार."

आजींनी मूठ मिटून छातीशी धरली. जिथं टाक्यांचा नवा व्रण होता, तिथंच.

आजोबा बास्केटवर बसूनच होते. मग त्यांनी हात पुढं केला आणि खालच्या आवाजात काहीतरी म्हटलं. या वेळी भाषांतराची गरज नव्हती. ते बघायला मागत होते. आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दोनच शब्द बोलल्या.

आजोबा निमूटपणे उठले.

"बाथरूम कुठं आहे?" त्यांनी मला विचारलं. "म्हणते, आधी हात धुऊन ये."